चुका शोधणारा माझा भाऊ

थोरल्या भावाचा, अण्णाचा, फोन आला तेव्हा दुकानात पेरणीची गर्दी होती. बीदर जिल्ह्यातल्या कमलनगरच्या बसस्टँडजवळ माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. अण्णा एवढंच म्हणाला, "ये आता." मी समोरच्या माणसाच्या सोयाबीनच्या दोन बॅगा काढून दिल्या, पावती फाडली, शटर ओढलं आणि निघाले. माझं सासर आणि माहेर एकाच गावात, चालत सात मिनिटं. नंतर काही जण बोलले म्हणे, भाऊ गेला आणि ही पावत्या फाडत बसली. फाडली खरी. तो माणूस खेड्यावरून जीपनं आला होता, आणि संगूला तोवर घाई उरलेली नव्हती. याला आता सहा आठवडे होऊन गेले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायची रीत आहे, आणि संगूबद्दल तसं लिहायला मला फार शोधावंही लागणार नाही. पण मी त्याच्याशी एक खोटं बोलले होते, ते सोडून बाकी सगळं लिहिलं तर या लेखाला काही अर्थ राहणार नाही.

संगू, म्हणजे संगमेश, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. हैदराबादला व्हिडिओ गेम तपासणाऱ्या एका कंपनीत तो अकरा वर्षं होता. त्याचं काम काय ते घरात कुणालाच नीट कळलं नाही. आमची आई, अव्वा, शेजारणींना सांगायची, "कंप्युटरमधी हाय," आणि विषय बदलायची. मी तेवढीही दयामाया दाखवली नाही. तो सणाला आला की मी म्हणायचे, "पगार देऊन खेळायला बसवणारी कंपनी मला बी दाव की रे, दुकान विकून येते." तो हसायचा. "खेळत न्हाई अक्का, मोडायलोय. कुठं मोडतंय ते बघायचं आन् लिहून काढायचं." एकाच भिंतीवर तो दिवसभर चारी बाजूंनी आपटत राहायचा, भिंतीतून माणूस आरपार जातो का ते बघायला. पायऱ्या उलट्या पावलांनी उतरायचा. हिरोला उगीचच विहिरीत टाकायचा. लहानपणी मी शिवलेल्या पिशवीची शिवण ओढून बघायचा आणि माझ्या हातचा मार खायचा, तेच मोठेपणी पगारावर.

शेवटची दोन वर्षं त्यानं एका मोठ्या गेमवर काढली. तीन भागांत आलेल्या, सगळीकडे गाजलेल्या एका मारधाडीच्या सिनेमावरचा गेम. आमच्या गावातली माणसंही त्या हिरोसारखी मान वाकडी करून फोटो काढायची, एवढा गाजलेला. गेम बाजारात आला, लोकांनी धावत जाऊन घेतला आणि आठवडाभरात शिव्या घालायला सुरुवात केली. त्या सगळ्या शिव्या संगूनं वाचल्या. एक ओळ त्याच्या फारच मनाला लागली... तपासणारे झोपले होते काय? तपासणारे झोपले नव्हते. त्यांनी लिहून दिलेल्या चुका शेकड्यांनी पडून होत्या, पण तिसऱ्या भागाच्या गाजावाजात गेम बाहेर पडायलाच हवा होता, म्हणून पडला. कंपनीच्या करारामुळे संगूकडे हे नावानिशी बाहेर सांगायची सोय नव्हती. "मी लिवलं होतं" हे तो फक्त आम्हाला सांगू शकत होता, आणि आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं.

उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या सुमारास त्याचं जेवण तुटलं, डोळे पिवळे झाले. हैदराबादच्या दवाखान्यात मी आणि अण्णा गेलो होतो. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला, तीन-चार महिने. अण्णा जिन्यात बसला आणि म्हणाला, "त्याला सांगायचं न्हाई. खचून जाईल. अव्वाला तर अजिबात न्हाई." आमच्याकडे हे असंच करतात. आमच्या मामाला त्याचा आजार कळू दिला नव्हता, काकीला नव्हता. आजारी माणूस सोडून साऱ्या गावाला ठाऊक असतं. मी म्हणायला हवं होतं की हे चूक आहे. त्याऐवजी मी विचारलं, "मग दुसरं काहीतरी सांगणार कोण?" अण्णा म्हणाला, "तूच. तू सांगितलीस तर तो मानंल." हे बरोबर होतं. कुठलं बियाणं उगवणार नाही ते मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते, माझ्या दुकानातलं असलं तरी. मी खोटं बोलत नाही हे संगूला जन्मापासून माहीत होतं, आणि नेमकं तेच आम्ही वापरलं. फाइलमधलं एक पान मी काढून घेतलं, उरलेल्यांना नवी पिन मारली आणि त्याला सांगितलं, पित्ताशयाला सूज आहे, श्रावणापर्यंत औषध चालेल, मग बरा होशील.

तो घरी आला. समोरच्या खोलीत खाट टाकली, टीव्हीला त्याचा गेमचा डबा जोडला. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, तेवढा वेळ मी जायचे. एके दिवशी तो म्हणाला, "अक्का, तो गेम तू एकदा खेळून बघ. माझ्यानं आता बसवत न्हाई. पर तू खरं काय ते सांगशील." मी कंट्रोलर हातात घेतला तेव्हा मला तो धरायचाही माहीत नव्हता.

मी सांगते, गेम वाईटच होता. सिनेमातला हिरो एका हातानं जीप उलटी करायचा, इथं त्याला गुडघाभर उंचीचा बांध चढता येत नव्हता. गुंड यायचे ते सगळे एकाच दारातून, आणि सगळ्यांचं तोंड एकच. "हे काय सख्खे भाऊ हायत का?" मी विचारलं. संगू म्हणाला, "आधी वीस तोंडं होती. गेम जड व्हायलाय म्हणून काढली." एकाला मारताना बाकीचे हात खाली सोडून उभे राहायचे, आपला नंबर यायची वाट बघत, तालुका कचेरीतल्या रांगेसारखे. हिरो दर ठोशाला सिनेमातलं तेच एक वाक्य बोलायचा. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, चौथ्या दिवशी मी आवाज बंद केला. मध्येच सिनेमाचे तुकडे लागायचे, ते पुढे ढकलता यायचे नाहीत, हातावर हात ठेवून बसा. मारामारी रंगात आली की कॅमेरा खांबामागे जायचा आणि मी खांब बघत बटणं दाबायचे. किल्ल्याच्या दरवाजात हत्ती अडकून बसायचा, तो पुढेही जाईना आणि मागेही. आणि वीस-वीस मिनिटं खेळलेलं कुठेच साठवलं जायचं नाही. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. कमलनगरला लाइट जायला कारण लागत नाही. "हा गेम बनवणाऱ्याच्या घरची लाइट कधी गेलीच न्हाई काय रे?" मी वैतागून म्हटलं, तर संगू पोट धरून हसला. दुखत होतं तरी हसला. "दोनशे बारा नंबर," म्हणाला. प्रत्येक चुकीचा नंबर त्याला पाठ होता. मी चूक दाखवायची, त्यानं नंबर सांगायचा, असं आमचं चालायचं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की हा माणूस किती बारकाईनं काम करायचा. आणि हे मी त्याला सांगितलंही. तेवढं एक बरं झालं.

पाचव्या लेव्हलला माझा हिरो सारखा मरायला लागला. वर कोपऱ्यात त्याच्या जिवाची एक हिरवी पट्टी असते. मार बसला की ती कमी व्हायला हवी. ती भरलेलीच दिसायची आणि हिरो एकदम आडवा. मी म्हटलं, "हे काय? पट्टी तर पूर्ण हाय की." संगू म्हणाला, "ही चूक न्हाई अक्का. ही मुद्दाम ठेवली. हिरो कमजोर झालेला लोकांना आवडत न्हाई म्हणले कंपनीवाले. आतून जीव कमीच व्हायलाय, फक्त दावत न्हाईत. मी भांडलो. पट्टी खाली येताना दिसली तर खेळणारा काहीतरी करतो. आडोशाला जातो... ज्याला भेटायचं त्याला भेटून घेतो." गेममध्ये कुणाला भेटायचं नसतं, हे मलाही कळत होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं, चार वाजायला दहा मिनिटं होती. "दुकान उघडायचंय," म्हणून उठले.

ज्याला भेटायचं होतं ती अनिता. त्याच्याच कंपनीत काम करणारी, जहिराबादची. तिच्याशी लग्न करायचं त्याच्या मनात होतं, हे मला त्या दिवसांतच कळलं. एका दुपारी मी दारात चप्पल काढत होते आणि तो फोनवर बोलत होता. "आता नको येऊ. अवतार झालाय नुसता. अक्का म्हणाली श्रावणात बरा व्हतो. तवा ये, अव्वाशी बोलू." माझ्या नावावर त्यानं त्या मुलीला तारीख दिली होती. तरीही मी आणखी अकरा दिवस गप्प राहिले. रोज जाताना ठरवायचे आणि रोज गेम लावायचे.

शेवटी सांगितलं. टीव्ही बंद केला आणि सरळ सांगितलं, जे पान काढलं होतं ते त्याच्या हातात दिलं. त्यानं ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाला, "फाइलीवर पिन दोनदा मारलेली हाय, अक्का. जुनी भोकं मला पहिल्याच दिवशी दिसली."

"मग विचारलं कामून न्हाईस?"

"तू सांगितली होतीस की सूज हाय. तू खोटं बोलत न्हाईस. म्हणून भोकांवर भरोसा ठेवला न्हाई."

आयुष्यभर तो दुसऱ्याच्या चुका शोधत आला, आणि समोर दिसत असलेली एकच चूक माझ्यामुळे त्यानं लिहिली नाही. त्यानं फोन मागितला. मी खोलीबाहेर गेले.

अनिता दुसऱ्या दिवशी निघाली, हैदराबादहून बीदर, बीदरहून इकडे. पण त्या पहाटेपासूनच त्याला गुंगी यायला लागली होती. ती आली तेव्हा डोळे अर्धे उघडे होते, बोलणं बंद. चार दिवस ती खाटेजवळ बसून होती. मला वाटलं होतं ती मला काही बोलेल. ती बोलली ती फक्त त्याच्याशी, तेही ऑफिसातलं. कुणाची बदली झाली, कॅन्टीनचा चहा आता कसा झालाय. एकदा म्हणाली, "तुझा हत्ती निघाला रे दारातून. नवीन अपडेट आलं, आता जातो सरळ." त्याच्या ओठांची हालचाल झाली. ती म्हणाली हसला. मी तिथेच होते, मला सांगता येणार नाही.

आमच्या लिंगायतांत गेलेल्याला बसवून पुरतात. विभूती लावली, हातात इष्टलिंग दिलं, गावाबाहेरच्या आमच्या शेतात नेलं. खाटेवर अर्धा आडवा असणारा माणूस कितीतरी दिवसांनी ताठ बसलेला दिसला. अनिता मातीनंतर तिसऱ्या दिवशी परत गेली. जाताना अव्वाच्या पाया पडली. ती कोण, हे अव्वानं विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. आमच्या घरात न सांगायची सवय अशी मुरलेली आहे.

अव्वाला तर सुजेपलीकडे काहीच सांगितलेलं नव्हतं. खाट काढली, औषधं मी परत केली, खोली धुऊन घेतली. दुपारी दुकान बंद केलं की माझी पावलं अजून तिकडेच वळतात. गेल्या सोमवारी गेले तर अव्वा त्या खोलीत खाली बसली होती, भिंतीला टेकून, समोर बंद टीव्ही. मला म्हणाली, "सुजंनं माणूस मरतंय का गं?"

मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, अण्णा जिन्यात काय म्हणाला, मी कोणतं पान काढलं, अनिता कोण. काही गाळलं नाही. ऐकून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला सांगायला जमलं की तुला. बसलीस, बोललीस, झालं. मग त्याला कामून इतके दिवस लावलीस?"

चार वाजून गेले होते. दुकानासमोर माणसं थांबलेली असणार. या वेळी मी उठले नाही... अव्वा उत्तराची वाट बघत होती.