हिरव्या काठाची चिंधी

दवनीवाड्यात धनेंद्र बिसेनचं गॅरेज म्हणजे अर्धं गॅरेज आणि अर्धं व्यासपीठ. हात इंजिनात आणि तोंड चालूच. माणूस कामाला वाईट नाही, पण स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडून ऐकायची त्याला फार हौस. मी त्याचा शेजारी, त्यामुळे मला ते फुकटात ऐकायला मिळतं.

उदाराम नागपुरेंची जुनी पिकअप पहिल्यापासून त्याच्याकडेच यायची. धानाची पोती, लग्नाचं वऱ्हाड, मंडईच्या जत्रेला दंडारीचं नाटक घेऊन जाणारी मंडळी, सगळ्यांना हीच गाडी. उदारामच्या गाडीत बसलं की घरी पोचणारच, असं लोक म्हणत. यंदा इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या जाड झाकणाला, दोन व्हॉल्व्हच्या मधोमध चीर गेली. धनेंद्रने जुनं हेड जोडून द्यायला साफ नकार दिला. त्याच इंजिनाच्या नंतरच्या मॉडेलचं हेड या ब्लॉकवर बसतं, त्याचे व्हॉल्व्ह मोठे, इंजिनाला श्वास मोकळा मिळतो, गाडी दरेकशाचा चढ हसत चढेल, असं त्याने चौकात जाहीर करून टाकलं.

हेड बसवलंही मन लावून. जुनं गॅस्केट खरवडताना कचरा आत पडू नये म्हणून ब्लॉकमधल्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या भोकांत तो चिंध्या कोंबतो. चिंध्या घरच्याच. त्याची बायको फुलवंता जुनी लुगडी फाडून त्याला गठ्ठा बांधून देते. काम संपलं की चिंध्या काढायच्या आणि वर हेड चढवायचं. त्या दिवशी गॅरेजात चहाला चारजण बसले होते आणि धनेंद्र त्यांना मोठ्या व्हॉल्व्हचे गुण समजावत होता.

पुढच्याच आठवड्यात दरेकशाला वऱ्हाड निघालं. मागे बायका, पुढे उदाराम, आणि त्यांच्या शेजारी आमचा धनेंद्र, नवऱ्या मुलापेक्षा जास्त ऐटीत. सालेकसा सोडेपर्यंत त्याची बडबड थांबली नाही. चढाला लागल्यावर मात्र गाडी धापा टाकू लागली, बॉनेटखालून वाफ आली आणि इंजिन बंद पडलं. जरा निवल्यावर त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत पाण्याचा टिपूस नाही. पाणी उकळून निघून गेलं होतं, हे मेकॅनिकला कळत नाही असं नाही. पण सगळं वऱ्हाड खाली उतरून त्याच्याकडे बघत होतं.

"काकाजी, तुमी पानी पायलेच नाई," तो मोठ्याने म्हणाला. "वय झालं आता तुमचं."

टाकलं होतं असं वाटतं, एवढंच उदाराम पुटपुटले. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तेव्हा कोणाच्या मनात आली नाही. भर उन्हात वऱ्हाड चढावर पायी निघालं आणि नवऱ्या मुलाची आत्या हातात चपला घेऊन शेवटपर्यंत उदारामना बोलत राहिली.

गाडी ओढून गॅरेजात आणल्यावर धनेंद्रने हेड पुन्हा उघडलं. पाण्याच्या वाटेत हिरव्या काठाची चिंधी अडकून बसली होती. बघायला कोणी नव्हतं. त्याने ती खिशात घातली. संध्याकाळी उदाराम आले, स्टुलावर बसले आणि आपल्यामुळे नव्या हेडचा सत्यानाश झाला म्हणून त्यांनीच माफी मागितली. होतं असं कधी कधी, असं धनेंद्र म्हणाला. पुढे हे सगळं मला सांगताना त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. त्याने हेड घासून सपाट करून पुन्हा बसवलं आणि मजुरी घेतली नाही, तर लोक म्हणाले, बघा किती मोठं मन. त्या कौतुकाने त्याला रस्त्याने चालणं मुश्कील झालं. चौकात तो आता खाली मान घालून चहा प्यायचा. खाई त्याला खवखवे.

चिंधी सापडली ती फुलवंताला, कपडे धुताना. तिने ती धुऊन दोरीवर वाळत घातली. तिच्याच भाऊबीजेच्या साडीचा काठ, तिला ओळखायला कितीसा वेळ लागणार? गॅरेजातली चिंधी खिशात लपून घरी आली, यावरूनच ती काय ते समजली. ती भांडली नाही. उदारामकाकाजी गाडी विकायला निघाले आहेत, आपलं आपल्याला आठवत नाही तर लोकांची लेकरं कशाला बसवायची असं म्हणतात, एवढंच तिने सांगितलं.

एकट्याने जायची छाती होईना, म्हणून त्याने मला सोबत नेलं. पिकअप अंगणात उभी होती. उदाराम ओसरीवर बसले होते. धनेंद्रने चिंधी त्यांच्या हातात दिली आणि ती कुठे सापडली, कधी सापडली, सगळं सांगितलं. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

उदारामनी चिंधी उलटसुलट करून पाहिली.

"म्हंजे मी पानी टाकलो होतो," ते म्हणाले.

"हो, काकाजी."

"मले नोको सांगू. तिले सांग. रोज माह्या मांगं फिरून राहिली. गॅस बंद केलो का, दार लावलो का, पाहून राहिली."

जमुनाबाई दारातच उभ्या होत्या, उदारामच्या घरधनीण. धनेंद्रने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्या एकदा चिंधीकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मीबी कुठं खरं मानली ह्यायचं."

कोणाचीच मान वर होत नव्हती, माझीही नाही. उदाराम उठले, बादली भरून आणली, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरमध्ये काठोकाठ पाणी ओतलं.

"पाहून घ्या सारे जन," आमच्याकडे न बघता ते म्हणाले. "पानी टाकून राहिलो."