ताकद उतरेपर्यंत

कड्यावर अडकलेली एकही मेंढी इवोर प्रिचर्डने कधी गमावली नाही. ट्रिवानचा डोंगर त्याच्या घरामागूनच सरळ वर गेलेला. गवताच्या लोभाने मेंढी एखाद्या अरुंद कपारीत उतरायची, आणि मग ना वर, ना खाली. इवोर लगेच जात नसे. अंगात ताकद असली की माणूस पाहून मेंढी बिथरते आणि खाली उडी घेते. म्हणून तो अंगणात दुर्बीण लावून बसे. कपारीतलं गवत संपलं, गुडघे लटपटले, मान पडली, की मग दोर घेऊन निघे.

बायकोलाही त्याने हाच कायदा लावला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याचा मार खाऊन सुजलेल्या डोळ्याने नेस्ट माहेरी गेली. हा पठ्ठ्या चार महिने फिरकला नाही. तिची आई वारली, घरमालकाने कुलूप घातलं, तेव्हा मात्र गाडी घेऊन हजर. "आता कशी, दोराशिवाय येईल!" असं तो शेजारच्या गेथिनला म्हणाला होता. पुढची एकतीस वर्षं दर लोकरकातरणीला गेथिन हा किस्सा सांगे, माणसं खो खो हसत, आणि नेस्ट त्यांना चहा देत असे.

त्या ऑक्टोबरात मेंढी काढायला गेलेला इवोरच घसरला. दोर सुटून खाली गेला, पाय मोडला, आणि तो मेंढीशेजारी कपारीत पडला. नेस्टने अंगणातून दुर्बिणीत पाहिलं. तो टोपी हलवत होता. कड्यांवरून हातापायांनी चढणारी शहरातली हौशी पोरं पलीकडच्या धारेवर होती. त्यांनीही आनंदाने हात हलवले. वाऱ्यात हाका कुणाला ऐकू येणार?

नेस्टने चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी गेथिन कुंपणापाशी आला. "काय गं, म्हातारा दिसत नाही?"

"वर आहे. मेंढी अडकलीय."

"अजून आणली नाही?"

"घाई कशाला? अजून ताकद आहे."

"वा! नवऱ्याच्या तालमीत तयार झालीस की!" गेथिन हसत गेला.

नेस्टने पुन्हा दुर्बीण उचलली. तिला दया येत होती, नाही असं नाही. पण तो डोळा तिला अजून थंडीत ठणकायचा.

तिसऱ्या दिवशी दुर्बिणीत मेंढी उभी दिसली. टोपी हलत नव्हती. नेस्ट कुंपणाकडे गेली.

"अहो गेथिन, दोर घेऊन या," ती म्हणाली. "आता उडी मारायचा नाही तो."