आईसाठी अर्धी काच

भाजीत मीठ जास्त पडलं तरी मला वाटतं, यात आपलंच काहीतरी चुकलं असणार. बायको म्हणते, हा माझा जन्माचा आजार आहे. जळगावात घर बांधायला काढलं तेव्हा या आजाराने बाथरूममध्ये उचल खाल्ली.

फैजपूरच्या आमच्या घरी अंघोळीची जागा मागच्या अंगणात होती. तीन बाजूंना खांद्याएवढी भिंत, चौथ्या बाजूला दोरीवर टाकलेलं आईचं जुनं लुगडं. आम्ही पुरुष मंडळी मळ्यातल्या विहिरीवर न्हायचो. आई मात्र सगळ्यांच्या आधी उठून, अंधार असतानाच त्या लुगड्याआड अंघोळ उरकायची. मी तिथंच लहानाचा मोठा झालो, पण तिला दार का नाही, असं कधी विचारलं नाही.

वडील गेल्यावर मळा भाऊ बघायचा आणि आई त्याच्याकडे फैजपूरलाच असायची. मी तिला सारखा म्हणायचो, आता जळगावला येऊन राहा. ती यायची. दोन दिवस नातवंडांचे लाड करायची आणि पिशवी उचलायची. कारण विचारलं की एकच उत्तर. "तुमच्या अठी माह्यं न्हाणं होत नाही, भाऊ." भाड्याच्या घरात बाथरूम मालकाबरोबर सामाईक होतं आणि त्याची कडी मोडकी होती. मी मनाशी पक्कं केलं, की आईने आयुष्यभर दाराविना काढलं, आता नव्या घरात तिला असं दार द्यायचं की तिने परत जायचं नाव काढू नये.

नव्या घरात गवंड्याने नवीन पद्धतीप्रमाणे संडास आणि बाथरूम एकत्र काढलं होतं. आईला ते मुळीच चाललं नसतं. म्हणून मध्ये काच घालून अंघोळीची जागा वेगळी करायचं ठरवलं आणि मी आणि बायको स्कूटरवर बसून टाइल्स-नळांच्या दुकानात गेलो. काचेची अंघोळीची खोली तेव्हा जळगावात नवलाची गोष्ट होती. दुकानदाराने कॅटलॉग उघडला. त्यात एक गोरी बाई काचेआड उभी राहून वर बघत हसत होती.

मी सांगितलं, "काच दुधी पाहिजे. खालपासून छतापर्यंत. आणि आतून दोन कड्या."

"बाथरूमला बाहेरून दार आहे ना साहेब?"

"आहे."

"मग आत दोन कड्या कशाला? आतलं माणूस काय खजिना मोजणार आहे?"

बायको म्हणाली, "एक आईंसाठी आणि एक यांच्या मनाच्या समाधानासाठी. पण ऑर्डर आज लिहू नका. जिला न्हायचंय तिला आधी विचारू द्या."

मला आईला एकदम दाखवायचं होतं. पण बायको दोंडाईच्याची, तिने ठरवलं की ठरलं. रविवारी ती स्वतः एसटीने जाऊन आईला घेऊन आली.

बाथरूमला अजून फरशी नव्हती. मी खडूने जमिनीवर चौकोन आखला, तिथं पाटाच्या जागी दोन विटा मांडल्या आणि आईला कॅटलॉग दाखवला. तिने त्या बाईकडे बराच वेळ पाहिलं.

"ही उभी काहाले हाये?"

"शॉवर आहे ना आई. वरून पाणी पडतं."

"हे तर ठिबक झालं. केळीले ठीक हाये. माणसाले मोकळं पाणी लागते."

मग ती पदर खोचून चौकोनात विटांवर बसली आणि रिकाम्या हाताने तांब्या भरून डोक्यावर ओतायला लागली. पहिल्याच तांब्याला कोपर खडूच्या रेघेबाहेर गेलं. पाय घासायला वाकली तर डोकं बाहेर. बायको काच होऊन रेघेवर उभी होती, ती हसून खाली बसली आणि माहेरच्या अहिराणीत म्हणाली,

"आई, बठ्ठं अंग बाहेरच शे."

"मंग वाढव की रेघ. तुह्या सासऱ्याची जमीन थोडीच जाऊ र्‍हायली." आईने वर पाहिलं. "आन ही काच कुठपर्यंत?"

"छतापर्यंत," मी म्हणालो. मग मला राहवलं नाही. "आई, तुला इतकी वर्षं साधं दार मिळालं नाही. अंधारात उठून न्हावं लागलं. आम्ही कोणी लक्ष दिलं नाही. म्हणून म्हटलं, निदान आता..."

माझा घसा भरून आला. आई माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी कचेरीतून आजारी होऊन आलोय.

"कोणी सांगितलं तुले? तुह्या बापानं आनलं होतं की दार. हिरव्या पत्र्याचं. मीच लावू दिलं नाही."

तो हिरवा पत्रा मला लख्ख आठवला. गोठ्यात कडब्यावर टाकलेला असायचा. मी त्यावर बसून आंबे खाल्ले होते.

"लुगड्याच्या समोरच ह्याच्या काकूची न्हानी," आई बायकोला सांगू लागली. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. "दोघी एकाच टायमाले पाणी घेऊन बसायचो. पुरुष उठायच्या आधी बठ्ठ्यांच्या नकला करून घ्यायचो. सासऱ्याची, ह्याच्या बापाची. एक दिवस हसता हसता तिचं घंगाळच उलटं झालं. दार लावलं असतं तर ऐकू काय आलं असतं?"

"म्हणजे इथं तुझं न्हाणं होत नाही ते..."

"मुक्यानं कुठी न्हाणं होते का, भाऊ?"

इतकी वर्षं जपलेला माझा अपराध सासू-सुनेने मिळून हसण्यावारी नेला. मला जरा रिकामं रिकामं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. मग मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः दुकानात आली. काच खांद्याएवढीच, म्हणजे बसलं की दिसू नये आणि बोललं की ऐकू यावं. चौकोन दीडपट मोठा. वरच्या कडेला हात टेकता येईल अशी रुंद पट्टी. दुधी काच तिला आजारी माणसाच्या डोळ्यासारखी वाटली. तिने फुलाफुलांची पसंत केली. काचेला लागून, बाहेरच्या बाजूला, सुनेसाठी धुण्याचा दगड बसवायला सांगितला.

"अर्धीच काच?" दुकानदार लिहिता लिहिता थांबला. "आजवर कोणी मागितली नाही, आजी."

"तुमच्या अठी कोणाले जाऊ नसंन."

"आणि कड्या?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "ह्याच्यासाठी एक लाव."

वास्तुशांतीनंतर आई राहिली. सकाळी मी पेपर घेऊन बसलो की आतून तांब्याचा आवाज यायचा, बाहेरच्या दगडावर धुणं आपटल्याचा यायचा आणि मध्येच दोघींचं खिदळणं. तिसऱ्या दिवशी कान देऊन ऐकलं. आई माझाच आवाज काढत होती. "निदान आता... म्हटलं निदान आता..." तो भरलेला घसासुद्धा तिने हुबेहूब काढला होता. बायको म्हणत होती, "आई, पुन्हा एकदा."

मी पेपर तोंडापुढे धरला, कारण मुलं बघत होती.

आईची पाय घासायची वज्री कायम फैजपूरच्या न्हाणीत असायची. इकडे येताना ती कधीच आणायची नाही, म्हणायची, येणं-जाणं असलं की हरवते. त्या दिवशी न्हाऊन बाहेर आल्यावर केस पुसता पुसता ती मला म्हणाली, "भाऊ, तुह्या भावाले निरोप दे. केळीचा ट्रक अठी येईन तव्हा माह्यी वज्री पाठव म्हना. आन काकूले सांग, दोन-चार दिवस ये. काच दाखवतो तुले म्हना."

वज्री आली. काचेच्या वरच्या रुंद पट्टीवर तिची जागा ठरली.