नावाडी तिसऱ्या दिवशी परततो

ताई गेल्याला आज नववा दिवस. नानाखेड्याच्या आमच्या घरी भेटायला माणसं येतात, चहा होतो, कप विसळले जातात, पुन्हा चहा ठेवला जातो. मला एका जागी बसवत नाही. दुपारी जरा सामसूम झाली तेव्हा तिच्या कपाटातून त्या तीन जाड इंग्रजी कादंबऱ्या काढल्या. शाळेत असताना ती त्या समोर धरून मला मराठीत सांगायची. जादूची नदी, बोलणारे बगळे आणि एक म्हातारा नावाडी.

तिसऱ्या भागाच्या शेवटी मी अडकलो. चोरी एका मुलाने केलेली असते. विषाचा पेला त्याच्या वाट्याचा, पण तो नावाडी पितो. तिसऱ्या दिवशी पहाटे नावाडी काठावर दिसतो. निखाऱ्यांवर मासे भाजत असतो, आणि ज्यांनी त्याला ओळख दाखवली नव्हती त्यांनाच खायला बोलावतो.

कॉलेजात मी बायबल वाचलं होतं; त्यात मरून तिसऱ्या दिवशी उठलेला येशू काठावर असेच मासे भाजून शिष्यांना बोलावतो. तरी इतकी वर्षं या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत, कारण ताईच्या गोष्टीत नावाडी भुट्टे भाजायचा.

आई दारात येऊन उभी राहिली.

"सुतकात काय वाचतोयस? पोथी तिकडे ठेवलीय."

"ताईचं पुस्तक आहे. यात मासे आहेत, आई. तिने भुट्टे केले होते."

"मीच करायला लावले. अंड्याचं चित्र बघून ताटावरून उठणारा तू. मासे ऐकून आठवडाभर जेवला नसतास."

"ही येशूची गोष्ट आहे, हे तिला कळलं होतं?"

"दहा वर्षं सिस्टरांच्या शाळेत होती ती. सगळं उशिरा कळतं ते तुला."

मी उठलो, खिडकीशी गेलो, परत आलो. घरात कुणी गेलं की आजवर मी मनातल्या मनात त्या नावाड्याला धरून राहिलो होतो. त्याचं परतणं ज्या श्रद्धेवर उभं आहे ती माझी नाही, हे आता समोर छापलेलं होतं. मग ताईसाठी ते मागायचं कोणत्या तोंडाने?

आई खाटेवर टेकली.

"तो परत येतो, ते तरी पुस्तकात आहे का? की तेही तिने तुझ्यासाठीच..."

"आहे."

"मग वाच."

हे मानणारे लोक वेगळे, असं सांगणार होतो. सांगितलं नाही. एकेक वाक्य मराठी करत, काहीही न बदलता वाचू लागलो.

"तिसऱ्या दिवशी?" तिने मध्येच विचारलं.

"हो."

"तिसऱ्या दिवशी तर तू तिच्या अस्थी वेचायला गेला होतास."

मी पुस्तक मिटायला लागलो. तिने माझा हात धरला.

"मिटू नकोस. आल्यावर तो काय बोलतो, ते वाच."