वस्तानिया

माझी नात आफ्रिकेतल्या दोन देशांची तुलना करते आहे. कोणतं सरकार हायस्कुलांवर जास्त खर्च करतं, हे तिला कॉलेजात लिहून द्यायचं आहे. "आजी, हे तुला नाही कळायचं," म्हणाली. म्हटलं, बाई, असली तुलना मी तुझ्या मायच्या जन्माआधी करून बसले. निकालसुद्धा लावून टाकला होता.

तेव्हा पेनगंगा ही दोन राज्यांची शीव होती. अलीकडे आमचं वऱ्हाड, पलीकडे निजामाचं हैदराबाद. केनवडला मी सातवी पास झाले आणि शाळा संपली. पुढचं हायस्कूल वाशीमला. तिथे मुलींना राहायची सरकारी सोय नव्हती. बाबा म्हणाले, "सरकारनं शाळा देल्ली, पोरीले निजाले जागा नाई देल्ली. तुले कोनाच्या वट्यावर ठेवू?"

त्याच उन्हाळ्यात नदीपलीकडची मावशी आली. बोलता बोलता म्हणाली, आमच्या इकडे पोरींची सरकारी वस्तानिया आहे.

झालं. मी सातवीत पहिली आलेली, तेव्हा शहाणपण नुसतं उतू चाललेलं. पाहुणा रात्री थांबला की आम्ही म्हणतो, वस्तीले राह्यला. म्हणजे वस्तानिया ही मुलींना वस्तीला ठेवणारी शाळा, उघडच आहे. मावशीला विचारायची गरजच काय?

मी बाबांच्या मागे लागले. "तिकडलं सरकार पोरीईसाठी पैसा लावते. आपलं नाई लावत."

"जेवाले बी देते का वं?"

"देतच असन."

माय चुलीपासून म्हणाली, "अशी सांगून राह्यली, जशी हिले पुसूनच सरकारनं तिथं चूल मांडली."

पण बाबांनी मानलं. मला शिकवायचं नाही असं त्यांच्या मनात कधी नव्हतंच. जागेवाचून अडलं होतं, आणि जागा मी सांगत होते.

मृगाआधी नदीला घोट्याएवढं पाणी होतं. मायनं गोधडी आणि सतरंजी गुंडाळून वळकटी बांधली. कसर लागू नये म्हणून आत कडुनिंबाचा पाला घातला. बंडीत मी त्या वळकटीवरच बसले, राणीसारखी, आणि अलीकडच्या सरकारला नावं ठेवत पलीकडे गेले.

शाळेच्या ओसरीत बाबांनी वळकटी खांद्यावरून उतरवली. "गुरुजी, पोरीले आनलं. हे कुठं ठेवू?"

गुरुजी वयस्क होते. आधी वळकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अंथरूण कशाला आणलंत?"

"वस्तीले ठेवाची हाय ना."

गुरुजी हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पाटील, वस्तानिया म्हणजे मधली शाळा. उर्दू शब्द आहे. सातवीपर्यंतची. संध्याकाळी मुली आपापल्या घरी जातात. ही कितवी शिकली?"

"सातवी."

"मग हिची वस्तानिया झालीच की."

बाबांनी विचारलं, मोठ्या शाळेत मुलींना राहायला मिळतं का? गुरुजींनी मान हलवली. "ते इकडंही नाही."

म्हणजे दोन्ही सरकारं सारखीच निघाली.

परत येताना बैल पाण्यात थांबले. बाबांनी त्यांना हाकललं नाही. बैलांच्या पाठीकडे पाहत म्हणाले, "जागा असती तं ठेवलंच असतं मी."

मी रडत होते. पण कशासाठी, तर आता मैत्रिणी मला वस्तानिया म्हणून चिडवतील म्हणून. इतकी हुशार मुलगी, आणि रडायचं कशाला हेसुद्धा तिला कळलं नव्हतं.

घरी मायनं वळकटी सोडली नाही. "असू दे, कामी पडन." पडली. पुढच्या लगीनसराईत तीच वळकटी माझ्याबरोबर बंडीत चढली.

सासरी ती सोडली तेव्हा वाळलेला पाला भुरभुर खाली पडला. नणंद जवळच उभी होती.

"कायचा पाला आनला वं?"

"वस्तानियाचा."

तिला ते झाडाचं नाव वाटलं. मी वाटू दिलं आणि केरसुणी घेतली.