खाट मिळेपर्यंत

माझ्या धाकट्या भावाने माळ घातली तेव्हा सोसायटीतल्या बायकांनी माझ्याकडे पेढे मागितले. तुळशीची माळ एकदा गळ्यात पडली की दारू-मटण बंद. आमच्याकडच्या निम्म्या पुरुषांची अशीच सुटली, असं शेजारच्या काकूंचं ठाम म्हणणं. विश्रांतवाडीहून आळंदी ती किती लांब! रिक्षाने गेलो, माउलीला हात जोडले, माळ घातली, परत आलो. तो पन्नाशी ओलांडलेला, नोकरी गेलेला, बायको माहेरी निघून गेलेली. आईच्या मागे माझ्याशिवाय त्याला कोण? माझ्याच घरात राहायचा, बाहेरून पिऊन यायचा. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

तिसऱ्या दिवशी त्याच्या हातातला चहा बशीत सांडायला लागला. दुपारी म्हणाला, "ताई, भिंतीवरच्या मुंग्या पूस ना." भिंतीवर काही नव्हतं. काकू म्हणाल्या, बाहेरचं असेल, अंगारा लावा. मी अंगाऱ्याची पुडी शोधत होते तेवढ्यात तो स्वयंपाकघरात कोसळला. डोळे पांढरे, तोंडाला फेस.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या. "एकदम बंद करायला कोणी सांगितलं?"

"देवाने," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक थांबवली तर जीवही जाऊ शकतो, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं. ती सोडवायची ती दाखल करून, औषधं देऊन, नजरेखाली. मी इतकी वर्षं त्याला 'आजच्या आज बंद कर' म्हणून शपथा घालत होते. बोला आता!

त्यांनी त्याला फिटमधून वाचवलं, बरा करून घरी सोडलं. पुढचं काम व्यसनमुक्ती केंद्राचं, म्हणाल्या. घरी येऊन आठवडा झाला नाही तोच त्याने पुन्हा बाटली धरली, आणि इथून माझी वणवण सुरू झाली. एका केंद्रात खाट रिकामी नव्हती, "फोन करत राहा." दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, आमची गाडी येईल, आमची माणसं उचलून नेतील, तीन महिने भेटायचं नाही. म्हटलं, माणूस आहे तो, भंगार नाही. येरवड्याच्या बाजूला एक समुपदेशक होते, गोड बोलायचे, पण त्यांचं म्हणणं आधी पिणं थांबवून या. अहो, थांबवता आलं असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? संध्याकाळच्या एका बैठकीत जुने पिणारे एकमेकांना आपापली कहाणी सांगायचे. माणसं खरंच सोन्यासारखी होती. माझ्या भावाला त्यांनी जवळ बसवलं, चहा पाजला. पण हाताची थरथर काही बैठकीने थांबत नाही, आणि हे त्यांनीच मला सांगितलं. एकाकडे औषध, एकाकडे शब्द, एकाकडे खाट, आणि सगळं एका छपराखाली कुठेच नाही. मी दमले होते. रिक्षात बसल्या बसल्या झोप लागायची.

या सगळ्यात त्याचं पिणं पूर्वीइतकंच झालं. माळ काढून देवघरात ठेवली, आणि देवघराकडे बघेना. मी पुन्हा त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी पहिल्या केंद्रात माझ्यासमोर फोन लावला, नाव पुढे घ्यायला सांगितलं. मग मला म्हणाल्या, "काकू, खाट मिळेपर्यंत ह्यांची एकदम बंद होऊ द्यायची नाही. मी सांगते तेवढीच, सांगते त्या वेळेला. आणि बाटली तुमच्या ताब्यात."

माझ्या घरात कधी रमचा केकसुद्धा आला नाही. आणि मी पदर सावरून वाइन शॉपच्या रांगेत उभी! दुकानदाराने विचारलं, "काय मावशी, पाहुणे आलेत?" म्हटलं, "हो, मुक्कामाला." बाटली पिठाच्या डब्यामागे ठेवायची. सकाळी तो आंघोळ करून खुर्चीत बसायचा आणि मी औषधाच्या मापाने ग्लासात ओतायचे. वास नको म्हणून मी नाकाला पदर लावायचे. दोघंही एकमेकांकडे बघत नसू.

एके दिवशी त्याने ग्लास बाजूला सारला. देवघरातली माळ त्याच्या मुठीत होती. "ताई, तू त्या रांगेत उभी राहतेस. काल वरच्या जोशीकाकांनी मला ऐकवलं. मला नाही बघवत. आजपासून बंद. आईची शपथ."

हेच वाक्य ऐकायला मी किती नवस बोलले होते! आणि आता ते ऐकलं, तर मला त्या भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसल्या, तो फेस दिसला. मी त्याच्या हातातली माळ काढून घेतली आणि ग्लास पुढे केला.

"पी," मी म्हटलं. "माझ्यासाठी पी."

तो रडत रडत प्यायला.

त्याच आठवड्यात केंद्रातून फोन आला, खाट रिकामी झाली. सकाळचं माप देऊनच मी त्याला नेलं. दारात सिस्टरने विचारलं, "शेवटची कधी घेतली?" त्याने माझ्याकडे बघितलं. मागे रांगेत चार माणसं, त्यांच्या बायका.

"आज सकाळी," मी म्हटलं. "मी दिली."

कोणीतरी मागून "अरे देवा" म्हणालं. सिस्टर म्हणाली, "बरं केलंत काकू," आणि त्याचा हात धरून आत घेऊन गेली. मी तिथल्या बाकावर बसले आणि कोण बघतंय याची पर्वा न करता मोठ्याने रडले.