सासूबाईंसाठी प्रार्थना

माझी मुलगी महाडला सिस्टरांच्या शाळेत जाते. आमच्या नाते गावाहून सकाळची व्हॅन असते. आमच्या भागात या शाळेत मूल घालण्याची कारणं दोनच, इंग्लिश आणि शिस्त. येशूबद्दल कुणाला फारसं काही वाटत नाही. भिंतीवर त्याची तसबीर असते, मुलं रोज सकाळी डोळे मिटून प्रार्थना म्हणतात, आणि घरी येऊन आमच्या देव्हाऱ्यापुढे तेच डोळे मिटतात. दोन्हीकडे एकाच फायद्याची मागणी असते, गणित सोपं जाऊ दे.

मुलगी चौथीत असतानाची ही गोष्ट. शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते. आमच्या घरी ती यायची त्या दिवशी मुंबईहून दीर-जाऊ येणार, नवऱ्याने एमआयडीसीतली पाळी बदलून घेतलेली, आणि शाळेत नेमकी परीक्षा तोंडावर आलेली. चार दिवसांची रजा हवी होती. शिमग्यासाठी रजा मागितली तर सिस्टर देणार नाहीत, हे आम्ही सगळ्या पालकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मग कुणाची बहीण आजारी पडायची, कुणाचे काका ॲडमिट व्हायचे. तापाचं कारण दिलं तर या शाळेत डॉक्टरची चिठ्ठी मागतात. मरणाला कुणी चिठ्ठी मागत नाही. आमच्या घरात ज्येष्ठ म्हणाव्यात अशा एकट्या सासूबाईच. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं की मुलीच्या आजीचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, दुःखद निधन झाले आहे.

मुलीला संध्याकाळभर बसवून पढवलं. कुणी विचारलं तर मान खाली घालायची, जास्त बोलायचं नाही. ती म्हणाली, "पण आजी तर शेवया करतेय." मी म्हटलं, "ते सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी घेऊन तेवढ्यापुरती शाळेत गेली, आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं सोळा जणांनी लिहिलं. मी 'आभार' लिहून फोन पालथा ठेवला, कारण सासूबाई शेजारीच डाळ निवडत बसल्या होत्या. खरं सांगते, मला तेव्हा लाज वाटली नाही. काम फत्ते झालं म्हणून बरंच वाटलं.

मला एक गोष्ट ठाऊक नव्हती. त्या शाळेत एखाद्याच्या घरी दुःख झालं की वर्गातलं प्रत्येक मूल घरून मूठभर तांदूळ आणतं, आणि मोठ्या सिस्टर ते स्वतः त्या घरी पोचवतात.

पालखी आमच्या अंगणात नाचत होती. ढोल असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. दिराच्या खांद्यावर पालखी, सासूबाई हिरव्या नव्या लुगड्यात ओवाळणीचं ताट घेऊन पुढे, आणि गेटात रिक्षातून उतरलेल्या सिस्टर. हातात तांदळाची पिशवी, चेहरा सांत्वनाला साजेसा. मी गर्दीतून वाट काढत गेटाकडे धावले.

सिस्टर वसईकडच्या, मराठी अगदी आपलं. ढोल थांबताच माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "धीर धरा. कधी झालं?" तेवढ्यात सासूबाई ताट घेऊन आल्याच. "कोन गो ह्या? उन्हात उभं काय केलंस त्यांना? आत ने, पोळी वाढ."

"या कोण?" सिस्टरांनी विचारलं.

"सासूबाई."

सिस्टरांनी क्षणभर विचार केला. "दुसऱ्या?"

"एकच आहेत," मी म्हटलं.

पुढचं सगळं सासूबाईंना तिथेच कळलं. "मी मेलेली हाय, तर सकालपासून ह्या पोल्या कोन करतंय?" एवढंच म्हणून त्यांनी सिस्टरांना पाट मांडला. सिस्टर दोन पुरणपोळ्या जेवल्या. रागावतील तर बरं, असं मला झालं होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शिमग्याची रजा मागितली असती तर दिली असती. आमच्याही गावात सण असतात. मला आजवर कुणी विचारलंच नाही." मग म्हणाल्या, "इंग्लिश कुठेही शिकता येतं, ताई. आम्ही शाळा काढली ती मुलाने देवासमोर आणि माणसांसमोर न घाबरता उभं राहावं म्हणून. चिठ्ठी आणली त्या दिवशी तुमची मुलगी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. मला वाटलं, दुःखाने."

मुलगी माळ्यावर जाऊन बसली होती. खाली येईना. "सगळा वर्ग माझ्यासाठी रडला. आता मला खोटारडी म्हणतील. मी त्या शाळेत जाणार नाही." दिवस उलटले, पालखी पुढच्या वाडीला गेली, दीर मुंबईला गेले, तरी तिचं एकच, जाणार नाही. जेवणही धड करेना. मी घाबरले. सोमवारी मीच जाऊन सगळ्यांसमोर सगळा दोष माझ्यावर घेईन, असं वचन दिलं तेव्हा कुठे तिने दप्तर भरलं. पुरावा म्हणून सासूबाईही निघाल्या.

सकाळची प्रार्थना संपली. मी पायरीवर उभी राहिले. चारशे मुलं आणि त्यांच्या बाई. मी म्हणाले, "ती चिठ्ठी मी लिहिली. सासूबाई या इथे उभ्या आहेत. चूक माझी एकटीची, माझ्या मुलीचा यात काही दोष नाही. मला क्षमा करा." निभावलं. आता ती सुटली, असं वाटलं.

तेवढ्यात रांगेतून तिचा हात वर आला. ती पुढे आली आणि मोठ्याने म्हणाली, "मला रडू येत नव्हतं. मी डोळ्यांना थुंकी लावली होती. आणि मैत्रिणीने मला वाईट वाटू नये म्हणून तिचा पूर्ण डबा दिला, तो मी खाल्ला. सॉरी."

पोरं हसली. मला आधी रागच आला. मी एवढी सावरून आणलेली गोष्ट, आणि हिने सगळ्यांसमोर उघडी केली. कुणी सांगितलं होतं? घरात तर आम्ही कुणीच तिला असं काही शिकवलं नव्हतं.

ती परत रांगेत गेली. पुढची मुलगी थोडी पुढे सरकली, मागची मागे, आणि डबा देणारीने तिचा हात धरला. ती ताठ उभी होती, समोर बघत. मी मात्र अजून त्या पायरीवरच होते, आणि तिच्याकडे बघण्याचं धाडस मला होत नव्हतं.